कोणती प्रत ठेवायची

"ही फाईल दोन्ही ठिकाणी बदललेली आहे. कोणती प्रत ठेवायची?"

पडद्यावरचं हे वाक्य वाचून गिरिजाने माऊसवरचा हात काढून घेतला. वाक्याखाली दोन चौकोन होते, एकावर 'पुणे' आणि दुसऱ्यावर 'सांगली'. ती एका विमा कंपनीत कामाला होती आणि तिथे असले प्रश्न रोज येत. ताज्या तारखेची प्रत ठेवायची, जुनी जाऊ द्यायची आणि पुढच्या कामाला लागायचं. पण ही फाईल तिच्या वडिलांच्या बोलण्याची होती. एक चौकोन दाबला की दुसऱ्या ठिकाणचं त्यांचं बोलणं कायमचं पुसलं जाणार होतं.

वडील शेजारच्याच खाटेवर होते. नाकावर श्वासाचा मास्क, पापण्या अर्धवट मिटलेल्या. पायाशी आई बसली होती. सकाळच्या गाडीने ती सांगलीहून आली होती आणि आल्यापासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

तिच्या वडिलांचं, अप्पांचं, विरूपाक्ष चौगुले हे नाव सांगलीच्या हळद पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. ते अडते होते. त्यांनी सौदा पुकारायला सुरुवात केली की पेठेच्या दुसऱ्या टोकाचा हमालसुद्धा भाव ऐकू शके. साठी ओलांडल्यावर त्या आवाजात एक जडपणा आला. मग हात गेले, पाय गेले आणि शेवटी आवाजही गेला. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी एकेक करून मरत जाण्याचा तो आजार होता. त्यात माणसाला सगळं ऐकू येतं, सगळं समजतं, फक्त करता काही येत नाही.

बोलणं अडखळू लागलं तेव्हाच त्यांच्या डोक्यात चकती बसवली होती. माणूस बोलतो तेव्हा ओठ, जीभ आणि घसा यांना हलण्याचा हुकूम मेंदूच्या एका पट्ट्यातून सुटतो. अप्पांच्या बाबतीत तो वाटेत विरून जाई, पण सुटत मात्र होता. कवटीखाली त्या पट्ट्यावर टेकवलेली नखाएवढी चकती तो पकडायची आणि खाटेजवळच्या कॉम्प्युटरला द्यायची. कॉम्प्युटर मग दोन कामं करायचा. एक कानाचं, म्हणजे हुकमावरून अक्षरं ओळखण्याचं. दुसरं अंदाजाचं, म्हणजे अर्धवट ओळखलेल्या अक्षरांवरून हा माणूस काय म्हणत असेल ते ठरवण्याचं. ठरलं की ते वाक्य अप्पांच्याच जुन्या आवाजात खोलीत उमटे. आवाज पेठेतल्या ध्वनिमुद्रणांवरून घेतलेला होता.

हे सगळं एकदा शिकवून भागत नाही. चकती केसभर सरकते, आजूबाजूच्या पेशी मरतात, आणि काल 'प' वाटणारा हुकूम आज 'प' वाटेनासा होतो. म्हणून कॉम्प्युटरला रोज शिकावं लागतं, आणि शिकायचं तर कुणीतरी बरोबर की चूक ते सांगावं लागतं. सुरुवातीला अप्पा पापणी मिटून सांगत. पापण्याही जड झाल्या तेव्हा ते काम घरच्यांकडे आलं. वाक्य उमटलं की त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं, अंदाज घ्यायचा आणि हिरवं किंवा लाल बटण दाबायचं. सांगलीत ते आई दाबायची, पुण्यात गिरिजा.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून अप्पा काही महिने सांगलीत आणि काही महिने पुण्यात वारज्याला गिरिजाच्या फ्लॅटमध्ये राहत. दोन्ही घरांत एकेक कॉम्प्युटर होता. इथे शिकलेलं तिथे आणि तिथे शिकलेलं इथे आपोआप पोचावं, दोन्ही फायली कायम एकसारख्या राहाव्यात, अशी सिंकची सोय पहिल्याच दिवशी करून दिलेली होती. सांगलीच्या घरी इंटरनेटवाला बदलला तेव्हा ती बंद पडली. कुणाच्या लक्षात आलं नाही. दोन्ही कॉम्प्युटर बोलत होते, दोन्हींतून अप्पांचाच आवाज येत होता. लक्षात येण्यासारखं काही नव्हतंच.

ते त्या आठवड्यात लक्षात आलं. अप्पांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत चालला होता, मास्कने भागेनासं झालं होतं. गळ्याला छिद्र पाडून नळी घालायची आणि श्वासाचं यंत्र कायमचं जोडायचं, की जे होईल ते शांतपणे होऊ द्यायचं, हे सोमवारपर्यंत ठरवा, असं डॉक्टर पारसनीसांनी सांगितलं होतं. निर्णय रुग्णाचाच हवा, तुमचा नको, हेही त्यांनी स्पष्ट केलं होतं. गिरिजाने अप्पांना विचारलं. पुण्याचा कॉम्प्युटर म्हणाला, "पुरे आता."

तिने रडतच आईला फोन केला, तर आई म्हणाली की हे शक्यच नाही. गेल्याच मुक्कामात, सांगलीत, ते स्पष्ट म्हणाले होते की वेळ आली तर नळी घाला, मला राहायचंय. फोनवर दोघींचं बरंच झालं. तेव्हा गिरिजाने सुचवलं की सांगलीची फाईल इकडे आणू, दोन्ही कॉम्प्युटर पुन्हा जोडू, म्हणजे काय ते कळेल. शेजारच्या पाटलांना सांगून आईने तिकडचा कॉम्प्युटर सुरू ठेवायला लावला आणि स्वतः गाडीत बसली.

आणि आता पडद्यावर हा प्रश्न होता.

चौकोनांच्या खाली बारीक अक्षरांत तिसरा पर्याय होता: दोन्ही ठेवा. गिरिजाने तो दाबला. दोन्ही प्रती शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, पण एका वेळी एकच चालू करता येत होती. तिने सांगलीची चालू केली.

काही क्षण काहीच झालं नाही. मग अप्पांचा आवाज आला. "महानंदा, किती दमलीस."

आईने तोंडाला पदर लावला. गिरिजा खुर्चीतून उठून खाटेजवळ गेली आणि तिने नळीचं विचारलं. "घाला," आवाज म्हणाला. "मला राहायचंय. महानंदाजवळ राहायचंय."

तिने पुण्याची फाईल चालू केली आणि तेच शब्द वापरून तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"गिरिजा, पुरे आता. सोड मला."

आवाज तोच, खाट तीच, हुकूम त्याच डोक्यातून निघालेला. अप्पांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नव्हतं. ते सगळं ऐकत होते, हे आठवून दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लोटून घेऊन हलक्या आवाजात बोलू लागल्या.

आई म्हणाली, "तुझ्या मशीनला तू शिकवलंयस हे."

"आणि तुझ्याला तू," गिरिजा म्हणाली.

आईचा घाव वर्मी लागला होता. गिरिजाला आठवत होतं. ऑफिसची मीटिंग चालू असताना, कानात इअरफोन असताना, अप्पांकडे नीट न बघता तिने कितीदा तरी हिरवं बटण दाबलं होतं. 'दमलो', 'नको', 'राहू दे', 'झोपतो' ही वाक्यं आली की तिला ती खरी वाटत, कारण त्या वेळी ती स्वतः दमलेली असे. नवरा दुबईला, अप्पांचं अंथरूण, रात्रीतून उठून त्यांना कुशीवर वळवणं. अप्पांच्या तोंडून आपणच बोलत होतो का, हा प्रश्न मनात आला आणि तिने ओट्याची कड घट्ट धरली.

रविवारी सकाळी रझिया मुजावर आली. चकती बसवली तेव्हापासून अप्पांच्या यंत्राची देखभाल तीच करत होती. चाळिशीची, कमी बोलणारी बाई. तिने दोन्ही फायली उघडून पाहिल्या आणि सिंक कधीपासून बंद आहे ते तिला लगेच दिसलं. वर्ष होऊन गेलं होतं. तिने कुणाला दोष दिला नाही. आमच्याकडून तपासणी व्हायला हवी होती, एवढंच म्हणाली.

आईने विचारलं की दोन्ही फायली एकत्र का करता येत नाहीत. हळदीची दोन पोती एकत्र करतात तशा.

"काकू, समजा दोन माणसं एकाच चौकातून निघाली," रझिया म्हणाली. "एक मिरजेच्या रस्त्याने वर्षभर चाललं, एक तासगावच्या. आता दोघांच्या बरोबर मधलं ठिकाण काढलं तर ते कुठल्याच रस्त्यावर येत नाही. उसाच्या फडात येतं. तसं केलं तर अप्पा बोलतील, पण त्याला अर्थ नसेल."

मग तिने एक चाचणी केली. अप्पांच्या कानात इअरफोन घातले, खोलीच्या कोपऱ्यात जाऊन फोनवर काहीतरी पुटपुटली आणि परत येऊन म्हणाली, "अप्पा, मी सांगितलेला शब्द म्हणा." तो शब्द आई आणि गिरिजा दोघींनाही माहीत नव्हता.

सांगलीची फाईल म्हणाली, "कंटाळा नाही आला."

पुण्याची फाईल म्हणाली, "कंटाळा आलाय."

रझियाने अप्पांच्या कानातले इअरफोन काढले. "मी त्यांना 'कंदील' म्हणायला सांगितलं होतं," ती म्हणाली.

कानाचा भाग आता फक्त पहिलं अक्षर पकडत होता, तिने समजावलं. पेशी मरत गेल्या तसा कान मंदावत गेला आणि त्याची उणीव अंदाजाने भरून काढली. दोन्ही घरांत कॉम्प्युटर अधिकाधिक सफाईने बोलत गेला आणि अप्पांचं अधिकाधिक कमी ऐकत गेला. तिने अंदाजाचा भाग बंद करून दाखवला. तेव्हा अप्पांच्या आवाजातून नुसती घरघर आली, मधूनच एखादा 'क', एखादा 'म'. आईने ते बंद करायला सांगितलं.

"म्हणजे वर्षभर ते जे बोलले ते सगळं खोटं?" गिरिजाने विचारलं.

"सगळं नाही. पण खरं किती, ते आता सांगता येणार नाही."

गिरिजा बाल्कनीत जाऊन उभी राहिली. खाली सोसायटीत कुणाच्या तरी मुलीचा वाढदिवस होता आणि मंडप बांधणं चाललं होतं. उद्या सोमवार. अप्पांच्या छातीत हवा कमी पडत होती आणि त्यांना विचारायला भाषाच उरली नव्हती. आई आत खाटेजवळ तशीच बसून होती. दोघींपैकी कुणीही आता 'ते असं म्हणाले' असं म्हणू शकत नव्हतं, आणि त्यामुळे भांडणही उरलं नव्हतं. ते असतं तर बरं झालं असतं, असं गिरिजाला वाटलं.

रझियाने तिला आत बोलावलं. तिला एक शक्यता दिसत होती. चकती बोलण्याच्या पट्ट्यावर असली तरी तिची एक कड हाताच्या पट्ट्याला लागून होती, आणि तिथल्या पेशी बऱ्यापैकी शिल्लक दिसत होत्या. हाताचा हुकूम आजवर कुणी वाचलाच नव्हता. त्यामुळे त्याला कुणी काही शिकवलेलंही नव्हतं. अप्पांनी हाताची एखादी हालचाल मनात केली तर ती पकडता येईल, पण ती आयुष्यभर घोटलेली हवी, तरच हुकूम स्वच्छ उमटेल. ते काही वाजवायचे का, टाइप करायचे का, असं तिने विचारलं. गिरिजाने मान हलवली. अप्पांचं सगळं आयुष्य तोंडावर चाललं होतं.

आई मात्र म्हणाली, "रुमाल."

पूर्वी काही सौदे रुमालाखाली व्हायचे, तिने सांगितलं. घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने एकमेकांचा हात रुमालाखाली धरायचा आणि बोटं दाबून भाव बोलायचा, म्हणजे भोवतीच्या लोकांना कळत नाही. भाव मान्य असेल तर समोरच्याची बोटं घट्ट दाबायची, नसेल तर हात मागे ओढायचा. पुढे सगळं जाहीर पुकारून होऊ लागलं, पण ह्यांना सासऱ्यांनी ते लहानपणीच शिकवलं होतं. मग जरा थांबून, गिरिजाकडे न बघता, ती म्हणाली की लग्न झाल्यावर भरल्या घरात नवराबायकोला बोलायची चोरी होती. तेव्हा ताट वाढताना पंचाखाली हात धरून अप्पा तिला सांगत, दुपारी जेवायला येणार की नाही, तिला माहेरी पाठवणार की नाही. तिने ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

रझियाने एक कोरी फाईल उघडली. तिच्यात अंदाजाचा भाग नव्हता, हिरवं बटण नव्हतं, लाल बटण नव्हतं. पडद्यावर फक्त एक रेघ होती. आईने अप्पांचा हात हातात घेतला आणि वर एक स्वच्छ पंचा टाकला. रझिया म्हणायची "दाबा", थोड्या वेळाने म्हणायची "ओढा", आणि अप्पांचा हात आईच्या हातात तसाच निर्जीव पडून राहायचा. रेघ हलत नव्हती. आई पुन्हा पुन्हा बोटं जुळवून घेत होती. दुपार झाली. गिरिजाने केलेला भात तसाच राहिला. मग कधीतरी "दाबा" म्हटल्यावर रेघ जराशी वर गेली, आणि "ओढा" म्हटल्यावर खाली. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. हात मात्र हललाच नव्हता, पण आई म्हणाली की तिला कळलं. कळणं शक्य नव्हतं, तरी रझियाने मान डोलावली.

खात्री करायला तिने पुन्हा इअरफोन घातले आणि अप्पांना एकटीनेच बरेच प्रश्न विचारले, ज्यांची उत्तरं तिला आधीच ठाऊक होती. दोघींना ते ऐकू येत नव्हते. रेघ वर गेली, खाली गेली, पुन्हा खाली, मग वर. शेवटी रझियाने चष्मा काढून डोळे पुसले आणि सांगितलं की एकही चुकलं नाही.

संध्याकाळी डॉक्टर पारसनीस स्वतः आले. प्रश्न त्यांनीच विचारायचा, घरच्यांनी नाही, असं ठरलं होतं. आईचा हात पंचाखाली होता. गिरिजा भिंतीला टेकून उभी होती. डॉक्टरांनी नळीबद्दल, यंत्राबद्दल सगळं सावकाश सांगितलं. यंत्र लागलं की ते बरीच वर्षं जगू शकतील, आजार मात्र पुढे जातच राहील, हेही लपवलं नाही. मग विचारलं, "यंत्र लावायचं का?"

रेघ वर गेली. गिरिजाने डोळे मिटले. उघडले तेव्हा रेघ खाली आली होती.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. पुन्हा वर आणि लगेच खाली. रझियाने तारा तपासल्या. डॉक्टर म्हणाले की हे उत्तर धरता येणार नाही, ते थकले असतील, उद्या पुन्हा बघू.

"थकले नाहीत ते," आई म्हणाली. "दाबून ओढला म्हणजे माल पसंत आहे, भाव पसंत नाही. अजून बोला म्हणतायत."

 मग गिरिजा पुढे आली आणि खाटेच्या कडेवर बसली. "अप्पा," ती म्हणाली, "यंत्र लावू. आणि तुम्ही म्हणाल त्या दिवशी काढू. आई नाही म्हणाली तरी काढू."

आईने तिच्याकडे झटकन पाहिलं. रेघ वर गेली आणि वरच राहिली.

डॉक्टरांनी तोच प्रश्न उलटसुलट करून पुन्हा पुन्हा विचारला, आणि उत्तर बदललं नाही. तेव्हा ते कागद करायला बाहेरच्या खोलीत गेले. रझियाही उठली. गिरिजाने तिला थोडं थांबायला सांगितलं. तिला अजून एक विचारायचं होतं.

"अप्पा, तुम्ही मला 'पुरे' म्हणालात. ते तुम्हीच म्हणालात का?"

रेघ वर गेली.

आईचा चेहरा उतरला.  मग तिने विचारलं, "आणि मला म्हणालात, राहायचंय म्हणून?"

रेघ पुन्हा वर गेली, आधीइतकीच.

"लेकीला एक सांगायचं आणि बायकोला एक," आई म्हणाली. "असेच आहात तुम्ही." आणि मग ती पंचावर डोकं टेकवून रडली. गिरिजाने तिच्या पाठीवर हात ठेवला. आल्यापासून दोघींनी एकमेकींना पहिल्यांदाच स्पर्श केला होता.

सोमवारी नळी घातली. जखम भरल्यावर अप्पा यंत्रासह सांगलीला गेले, कारण कुठे राहायचं तेही त्यांना विचारलं होतं. गिरिजाला वाईट वाटलं आणि हलकंही वाटलं. जाण्यापूर्वी रझियाने दोन्ही कॉम्प्युटर पुन्हा जोडले, पण या वेळी सिंक फक्त हाताच्या फाईलचं लावलं. ते एकाच बाजूने जाणारं होतं. सांगलीत उमटलेली प्रत्येक रेघ त्याच क्षणी पुण्यात पोचणार होती, आणि दोन्हीकडे कुणालाही ती बदलता किंवा पुसता येणार नव्हती. बोलण्याच्या दोन फायलींचं काय करायचं, असं तिने विचारलं तेव्हा दोघींनीही त्या आहेत तिथे तशाच राहू देत म्हणून सांगितलं.

दर सोमवारी सकाळी, अंग पुसून झालं की, पंचाखाली हात धरून विचारायचं: चालू ठेवायचं का. अट तशी ठरली होती. विचारायचं आईने, कारण हात तिच्या हातात होता. पण ती अट तिला किती जड जाते हे गिरिजाला कळत होतं. सोमवारी ऑफिसात बसल्या बसल्या ती फोनकडे बघत असे. रेघ वर गेलेली दिसली की चहाला उठे. थोड्या वेळाने आईचा फोन येई आणि आई फक्त म्हणे, "बरं आहे." मग आठवड्याच्या गोष्टी. हळदीला या वर्षी बरा भाव आहे, पेठेतली जुनी माणसं भेटून गेली, व्हरांड्यातून ऊन येतं म्हणून खाट सरकवली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दसऱ्याला गिरिजा जाऊन राहिली तेव्हा अप्पांचे गाल भरल्यासारखे वाटले. सांगलीचा कॉम्प्युटर "महानंदाला जरा बसू दे" असं म्हणत होता आणि आई त्याला हिरवं बटण दाबत होती. गिरिजा हसली.

संक्रांत होऊन गेल्यावर एका सोमवारी रेघ खाली गेली.

गिरिजा मीटिंगमध्ये होती. ती उठून बाहेर जिन्यात आली. फोन हातात घेतला आणि आईचा नंबर काढला. तेवढ्यात दुसरी रेघ आली. तीही खाली. म्हणजे आईने पुन्हा विचारलं होतं.

नंबर तसाच समोर ठेवून ती जिन्याच्या पायरीवर बसली. फोन करावा असं तिला फार वाटत होतं. पण फोन केला तर आईला वाटेल की आपल्यावर कुणीतरी पहारा ठेवून बसलंय, आणि तसा तो होताच. न करावा तर, आई हे कधी सांगणारच नाही, असंही होऊ शकत होतं. सोमवार उलटेल, पुढचा येईल, आणि आई म्हणेल, बरं आहे. अप्पांना शब्द तिने दिला होता, आई नाही म्हणाली तरी काढू. पण तो असा फोनवरून आईच्या अंगावर टाकायचा नव्हता.

थोड्या थोड्या वेळाने रेघा येत राहिल्या. दुपारच्या जेवणाच्या सुमारास एक, मग बराच वेळ काही नाही, मग लागोपाठ अनेक. सगळ्या खाली. आई पंचाखाली हात धरून बसली आहे आणि पुन्हा पुन्हा तेच विचारते आहे, हे गिरिजाला इथून दिसत होतं. तिने साहेबांना घरी जायचं आहे म्हणून सांगितलं, घरी आली, दोन साड्या, औषधं आणि चार्जर बॅगेत टाकला आणि बॅग दाराशी ठेवून फोनसमोर बसली. एकदा रेघ जराशी वर आल्यासारखी वाटली. तिने श्वास रोखला. नीट पाहिलं तर ती खालीच होती.

मग रेघा थांबल्या. उन्हं भिंतीवरून उतरली. गिरिजाने फोन उचलायचं ठरवलं, आणि तेवढ्यात तो वाजला.

"गिरिजा," आई म्हणाली आणि थांबली.

"हो, आई."

"तुला दिसलंय ना सगळं?"

"दिसलंय."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

पलीकडे यंत्राचा श्वास ऐकू येत होता, आत, बाहेर, आत, बाहेर.  आईने विचारलं, "मग फोन का नाही केलास?"

"तू करशील म्हणून थांबले."

"मी करणार नव्हते," आई म्हणाली. "दुपारपर्यंत तरी नव्हते करणार." तिचा आवाज बसला होता. "ह्यांनी एकदासुद्धा हात बदलला नाही गं. मी किती विचारलं. शेवटी मीच विचारायचं सोडलं. मग म्हटलं, बरं."

"त्यांना सांगितलंस?"

"हात दाबला त्यांचा. कळलं असेल. डॉक्टरांना तू फोन कर. मला ते बोलता यायचं नाही. आणि ये तू."

"निघालेच," गिरिजा म्हणाली आणि बॅग उचलली.